ठमाबाईच्या पोटातली जाळी

ठमाबाईला कोणतीही वस्तू नुसती बाहेरून पाहून भागत नसे. सुगरणीचा खाली पडलेला खोपा दिसला की उसवून बघायची. पंपाची मोटर जळली तर मिस्त्री यायच्या आधी हीच उघडून बसलेली. नवरा होता तेव्हा म्हणायचा, "हे बुढी आपल्या सरणाखालीही वाकून पाहीन, काय हाये म्हून."

अशा बाईच्या पोटात दोन वर्षं एक वस्तू होती, आणि ती तिला दिसत नव्हती.

झालं असं. सिंदेवाहीकडच्या आपल्या गावात धान चुरायच्या, म्हणजे मळणीच्या दिवसांत ती पुंजण्यावरून, रचलेल्या गंजीवरून खाली पडली आणि मांडीचं हाड मोडलं. नागपूरला ऑपरेशन झालं. खाटेवर पडून पडून पायाच्या शिरेत रक्ताची गाठ धरली. अशी गाठ सुटून फुफ्फुसात गेली की माणूस जागेवर आटोपतो. रक्त पातळ करायचं औषध द्यावं, तर अल्सर फुटून तिला रक्ताच्या उलट्या चालू. म्हणून डॉक्टरांनी पोटातल्या मोठ्या शिरेत तारेची जाळी बसवली, छत्रीच्या काड्यांसारखी. रक्त जाऊ द्यायचं, गाठ अडवायची. घरी सोडताना बजावलं, अल्सर भरला की औषध सुरू करू आणि जाळी काढू, उन्हाळ्यात या.

ठमाबाई गेली नाही. कारण जाळ्यांतलं तिला कळत होतं.

धानाच्या एका बांधीतून, म्हणजे खाचरातून, दुसरीत पाणी उतरतं, तिथं धुऱ्याला, मधल्या बांधाला, तोंड ठेवतात. त्या तोंडात बांबूच्या कामट्यांची जाळी बसवली की पाणी जातं, मासे राहतात. ठमाबाईच्या हातची जाळी मागायला लोक कुरखेड्याहून यायचे. आणि गावाचा नियम एकच, पाणी वाहतं तोवर जाळी हलवायची नाही.

पोरगा राजदीप सिंदेवाहीला पंक्चर काढायचा. तो मागं लागला.

"माय, डॉक्टरनं बोलावलं हाये."

"काहाले?"

"जाळी काढाले."

"माहं रगत वाह्याचं थांबलं काय? नाई ना? मंग काहाले काढू? येडा होऊन राह्यला काय?"

राजदीप दुकानाकडे निघाला.

दुसऱ्या वर्षी रोवण्याच्या, भातलावणीच्या तोंडावर दोन्ही पाय सुजले. पाठीत काटा रुतल्यासारखं दुखायचं. शेजारची केसरबाई म्हणाली, "हे पाय हायेत का कोहळे वो? चिखलात रोवशीन तं येल निंगन." ठमाबाई हसली, पण त्या दिवशी बांधीत उतरली ती धुऱ्याला धरूनच वर आली. तिथं मात्र ती घाबरली. बांधी सुटली तर तिच्यापाशी उरत काय होतं?

नागपुरात निशात नावाच्या डॉक्टर अशा जाळ्या काढायच्या. त्यांनी पडद्यावर फोटो लावला, आणि ठमाबाई दुखणं विसरून पुढे सरकली.

"हेच का ते? पण हे तं वाकडी बसली वो बाई."

"तिरपी झाली. ही एक काडी शिरेच्या भिंतीतून बाहेर आली, म्हणून पाठ दुखते. आणि जाळीत गाठी अडकून रक्त तुंबलं, म्हणून पाय सुजले." मग डॉक्टर म्हणाल्या, "मी चंद्रपूरची आहे, सरळ सांगा. काऊन आल्या नाई?"

ठमाबाईनं नियम सांगितला. राजदीप मान खाली घालून बसला. डॉक्टर हसल्या नाहीत.

ठमाबाईची नजर पडद्यावरून हलेना. "मंग याच्यातला कचरा कोण काढते?"

"कोणीच नाही. तिथं कोणाचा हात पोचणार? म्हणूनच काम झालं की जाळी काढायची असते."

बांधीतल्या जाळीत रोज सकाळी हात घालावा लागतो. पाला, शेवाळ, काडीकचरा. एक दिवस चुकलं तर पाणी तुंबून धुरा फोडतं. हे ठमाबाईला परकर नेसायच्या वयापासून ठाऊक.

"बिनराखणीची जाळी," ती पुटपुटली. "काढा."

"ऐका आधी. आता ती शिरेला चिकटली आहे. शीर फाटू शकते, काडी तुटू शकते. ठेवली तर शीर बंद होऊ शकते."

राजदीप म्हणाला, "माय, घरी जाऊन इचार करू."

"घरी कोणाले इचारू? धुऱ्याले?"

आधी अल्सर भरल्याची खात्री केली, मग रक्त पातळ करायचं औषध दिलं, गाठी विरल्या. मग मानेच्या शिरेतून नळी घातली. ठमाबाई जागीच होती. "पडदा जरा इकडं करा," ती म्हणाली. नळीतून फास आला, जाळीच्या शेंड्याला अडकला, आणि छत्री मिटावी तशी जाळी नळीत शिरू लागली. एक ओढ बसली. डॉक्टर थांबल्या.

"निंगाली का?"

"जाळी निघाली. भिंतीत रुतलेली काडी तेवढी तुटून राहिली. ओढण्यात धोका आहे, राहू देऊ. पण दरवर्षी फोटो काढून बघावं लागेल, जागची हलली तर नाही."

ट्रेमधली जाळी बोटाच्या पेराएवढी. ठमाबाईनं ती जवळून पाहिली. "वीण बरी हाये," ती म्हणाली. "राखण्या नव्हता, एवढंच."

सूज उतरली. डावा घोटा संध्याकाळी अजून फुगतो. पुढच्या रोवण्याला ती बांधीत उतरली, थोडं रोवायचं आणि धुऱ्यावर टेकायचं. केसरबाईनं येल कुठवर आला म्हणून विचारलंच.

आणि उन्हाळा लागला तेव्हा राजदीपला आठवण व्हायच्या आधीच ती पिशवी घेऊन त्याच्या दुकानात हजर.

"चाल नागपूरले."

"काऊन? काही दुखते काय?"

"दुखाची वाट पाहू काय? आत राह्यली ते खुटी पाहून येऊ, हलली तं नाई."