मेंदी उतरल्यावर

“हात खाली घे गं. फोटोत यायलेत.”

फोटोग्राफर असं म्हणाला तेव्हा मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. मी हात मांडीखाली दाबून बसले. बेळगावातल्या सोन्याच्या दुकानाचा वरचा मजला. अंगावर दुकानाचा शालू, डोक्यावर मुकुट. त्याच दुकानाने भरवलेली सौंदर्यस्पर्धा मी पंधरा दिवसांपूर्वी जिंकले होते. आता बांगड्यांच्या जाहिरातीच्या बोर्डावर माझा फोटो लागणार होता.

आम्ही निपाणीजवळच्या एका गावात राहतो. मूळचे जतकडचे. तिकडे पाणी नाही म्हणून माझ्या जन्माआधी आईबाप इकडे आले. गावात आमची ओळख अजून तीच, जगायला आलेली माणसं. जणू बाकीचे इथे मरायला आलेत. दुसऱ्यांच्या शेतात आम्ही तंबाखूचे शेंडे खुडतो. त्याचा चीक हाताला बसतो आणि काळा पडतो. साबण, लिंबू, राख, कशालाच दाद देत नाही. कॉलेज सांभाळून मीही खुडायला जाते.

स्पर्धेला कोपरापर्यंत मेंदी काढली होती, म्हणून कुणाला काही दिसलं नाही. परीक्षक म्हणाले, “सावळी आहे, पण रेखीव आहे.” त्या ‘पण’वर टाळ्या पडल्या. मीही हसले. त्या हसण्याचा आज राग येतो.

आता मेंदी उतरली होती. तोंडाला पांढरं फासून मला गोरं केलं होतं. आरशात मी मलाच ओळखू येत नव्हते. हातांनाही थर दिले, पण भेगांतला काळा रंग वर येतच राहिला. दुकानाच्या मालकीणबाईंनी माझा हात दोन बोटांत धरून उचलला. मेलेली पाल उचलावी तसा.

“शी! हे बघून कुणी बांगड्या घेतील काय?”

मग त्यांनी आपल्या भाचीला बोलावलं. गोरी, लांब बोटांची. तिला माझ्या पाठीमागे बसवलं. तिने माझ्या काखेखालून आपले हात पुढे काढले. माझे हात मागे, पदराखाली. माझ्या छातीसमोर दुसरीचे हात, बांगड्यांनी भरलेले. तिचा श्वास माझ्या मानेला लागत होता.

“आता एकच बाई दिसते बघा,” फोटोग्राफर खूश होऊन म्हणाला.

आई दाराशी जमिनीवर बसली होती. आल्याआल्या तिने आम्ही मूळचे जतकडचे, हे सांगून टाकलं होतं. खुर्च्या रिकाम्या होत्या, पण तिला कुणी बस म्हटलं नव्हतं. मी तिच्याकडे पाहिलं. तिने आपले दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले.

तिला कुणी काही बोललं नव्हतं. तिच्याकडे कुणी बघतसुद्धा नव्हतं. तरी तिने हात झाकले. ज्या हातांनी खुडून खुडून मला शिकवलं, त्या हातांची तिला लाज वाटली. आणि ती लाज माझ्या फोटोपायी.

मी त्या पोरीचे हात बाजूला सारले आणि उठले.

“हात माझेच घ्या. न्हायतर फोटो नको.”

“तुझ्यासारख्या छप्पन्न मिळतील,” मालकीणबाई म्हणाल्या. “जगायला आलेल्यांनी एवढा माज करू नये.”

“गप बस की गं बाई,” आई कळवळली. “चालून आलंय, लाथाडू नगं.”

“आई, आधी हात भायेर काढ.”

तिने काढले नाहीत.

मुकुट मालकीणबाईंनीच उतरवून घेतला. पिना ओढताना केस तुटले.

बोर्डावर आता दुसऱ्या नंबरची मुलगी आहे. निपाणीच्या स्टँडवर उतरलं की समोर दिसते. गावातल्या बायका म्हणतात, दैव देतं आन् कर्म नेतं. आई माझ्याशी कामापुरतंच बोलते. एकाच ओळीत खुडतो आम्ही.

मी सुंदर आहे. कुणी ठरवून द्यायची मी वाट बघत नाही. दुकानाच्या येत्या स्पर्धेत मी पुन्हा नाव घालणार. मेंदीशिवाय, पांढरं फासल्याशिवाय. माझ्याबरोबर खुडणाऱ्या आणखी चार पोरी तयार आहेत. आम्हाला हाकलतील, हे ठाऊक आहे. पण गुपचूप वरच्या मजल्यावर नाही. भरल्या मांडवात, स्टेजवरून हाकलावं लागेल. आणि का हाकलताय, ते माइकवरून सांगितल्याशिवाय आम्ही खाली उतरणार नाही.