मोटारीची ओटी

गाडी विकायचा निर्णय श्रीधरने नाही, त्याच्या कमरेने घेतला. आमची हिरवी विलायती गाडी दोन सीटची, कापडी टपाची आणि इतकी बुटकी की आत बसणं म्हणजे पाटावर जेवायला बसणं. गेल्या दिवाळीत नवरोबा आत बसले ते बसलेच. शेवटी वॉचमनने आणि मी काखेत हात घालून त्याला बाहेर ओढला. डॉक्टर म्हणाले, गाडी ठेवा नाहीतर कंबर ठेवा.

अशा गाड्यांच्या भावाबद्दल तुम्ही बरेच जण विचारता, म्हणून आधी तेच सांगते. बघायला येणारे ढीगभर, घेणारा एखादाच. इंजिन मूळचं असेल, कागदपत्रं सरळ असतील तर किंमत येते. हौसेने दुसऱ्याच गाडीचं स्टिअरिंग बसवलंत की गेला भाव. आमच्या गाडीत सगळं मूळचं होतं. भानगड एकच, काकींची अट.

काकी नात्यातल्या नव्हेत, गाडीमुळेच ओळख झालेल्या, माहीमच्या. मुंबईचं नव्हे हो, पालघरजवळचं, केळव्याच्या शेजारचं माहीम. गाडी त्यांच्या यजमानांची. काका गेल्यावर काकींनी ती आम्हाला विकली तेव्हा बजावलं होतं, "वर्सातनं एकदा हिला माहेरपनाला आनायची. आन पुडं कोनाला दिलीत, तर त्यानं पन आनायची." आम्ही दर हिवाळ्यात इमानाने नेत आलो. पण आमच्या दलालाने हे ऐकून कपाळावर हात मारला. "मॅडम, असली अट ऐकून गिऱ्हाईक पळतं. सांगूच नका ना!" म्हटलं, शब्द दिलाय, सांगणार. मग खरंच एकेक गिऱ्हाईक पळालं. राहिले फक्त बोईसरचे एक कारखानदार शेठ. ते म्हणाले, "घेऊन तर या." काकींना कळवलं, तर त्या म्हणाल्या, "सासर बगायला मी येनार."

शनिवारी भल्या सकाळी ठाण्याहून निघालो. गाडी मी चालवत होते आणि कमरेला पट्टा बांधलेला श्रीधर शेजारी बसून मला क्लच शिकवत होता. घोडबंदरवरून अहमदाबाद हायवेला लागलो. इथे ट्रकच्या चाकाला आपलं डोकं लागतं, तेव्हा टप उघडा ठेवायची हौस मनोरपर्यंत आवरा. मनोरला मिसळ खाऊन डावीकडे पालघरच्या रस्त्याला वळलो, टप काढला आणि वाघोबा खिंडीत गार वारं असं तोंडावर आलं की मी चक्क ओरडले. "अगं, गिअर!" श्रीधर त्याहून मोठ्याने ओरडला.

माहीमला काकी फाटकातच उभ्या होत्या. मागे नारळी, केळी, पानवेली. दरवर्षीप्रमाणे त्यांनी आधी गाडीवरून भाकरतुकडा ओवाळला, मग सीटवर खण, नारळ, तांदूळ ठेवून तिची ओटी भरली. काका गेल्यापासून गावात कोणी काकींकडून ओटी भरून घेत नाही. विधवेच्या हातची नको म्हणे! "मोटारीला कुटं काय कळतंय," असं म्हणून त्या गाडीची भरतात आणि खुशाल हसतात.

दुपारी ताज्या बोंबलांचं कालवण आणि तांदळाची भाकरी. मी किती खाल्लं ते विचारू नका. तुम्हाला काकी नसतील तर केळव्याला घरगुती जेवणाची आणि राहायची सोय भरपूर आहे. सुट्टीच्या दिवशी दर चढतात, आधी फोन करा.

रविवारी खरी गंमत. माणसं तीन आणि सीट दोन! काकी ऐटीत माझ्या शेजारी बसल्या, ओटीचं गाठोडं पायाशी ठेवलं आणि श्रीधरला मागून रिक्षाने यायला लावलं. पालघर, उमरोळी करत बोईसर. रस्ता ठीक आहे, पण बुटक्या गाडीला प्रत्येक गतिरोधक डोंगरच. औद्योगिक वसाहतीच्या नाक्यावर चहा पिणारे कामगार भोवती जमले. एकाने विचारलं, "मॅडम, ये चलती भी है?" काकी म्हणाल्या, "मंग काय उडत आली?"

शेठ सहा फुटी, हसरे. पेढे मागवलेले. काकींनी पेढ्याला हात न लावता चौकशी सुरू केली.

"चालवनार, का नुसती पुसनार?"

"चालवणार, आजी. दर रविवारी चिंचणीच्या समुद्रापर्यंत."

"सावली हाय?"

शेठनी नवीन शेड दाखवली.

"वर्साला माहेरी आनाल?"

"आणेन की. पण माझी उंची बघा. आत अडकलो तर?"

"मंग काडू बाहेर. ह्याला काडला तसा," काकींनी श्रीधरकडे बोट दाखवलं आणि पेढा तोंडात टाकला. "सासर बरं हाय. देऊन टाका."

पहिल्यांदा मागितली होती त्याहून कमीच किंमत आली, पण घासाघीस करावीशी वाटली नाही. मला वाटलं होतं श्रीधर रडेल. तो शेठना गाडी सुरू करताना चोक किती ओढायचा ते समजावत होता. रडले मी, तेही जन्मभर "विका तो डबा" म्हणणारी मी! कारखान्याच्या फाटकाबाहेर रिक्षात बसतो तोच एक कामगार धावत आला. "मॅडम, गाडी में ये रह गया." ओटीचं गाठोडं.

काकींनी ते मांडीवर घेतलं आणि माहीमपर्यंत त्याची गाठ सोडत-बांधत राहिल्या. मला चैन पडेना. फाटकाशी उतरल्यावर त्या गाठोड्याकडे बघतच म्हणाल्या, "शेठ गाडी आनील. चांगला हाय तो. तुमी मातर आता कशाला याल?"

एवढी वर्षं आम्ही गाडीला माहेरी नेतोय असंच समजत होतो.

"काकी, माझी ओटी भरा."

"तुजी? मी? येडी का खुळी तू! लोक काय म्हनतील?"

"मोटारीची चालते आणि माझी नाही?"

मी जीन्सवर होते, पदर कुठला? गळ्यातली ओढणी पसरली. काकींनी एक डोळा रस्त्यावर ठेवून घाईघाईने ओंजळ ओतली आणि निम्मे तांदूळ अंगणात सांडले. श्रीधर कंबर विसरून वेचायला वाकला आणि तसाच अडकला. मग आम्ही दोघी रडता रडता जी हसत सुटलो!

पालघरहून एसटीने ठाण्याला आलो. पार्किंगमध्ये तेलाचा डाग तेवढा राहिलाय, तो मी वॉचमनला पुसू देत नाही. ओटीचे तांदूळ शिजवून खाल्ले. नारळ फोडवत नाही.

काल काकींचा फोन आला. "शेठ आलेला गाडी घेऊन. वर्स व्हायची वाट पन नाय बगितली. अडकला, काडला आमी चौगांनी." मग म्हणाल्या, "गाडी येऊन गेली. तू कदी येतेस?"

"शनिवारी. एसटीने."

"ये. आन ओढनी इसरू नको."