सीटखालचा पंप

मोटारीचा नवा पंप मुंबईहून बोटीनं आला त्याच दिवशी मी तो बसवायला हवा होता. दोन बोल्ट, दोन नळ्या, फार तर तासाभराचं काम. पण संध्याकाळी हॉटेलातल्या मंडळींनी धरून बसवलं. "चिपळूणच्या कोर्टातला शिरस्तेदार करून दाखव रे. तो बोटीवरचा तिकीटमास्तर कर." आणि कर म्हटलं की माझ्या अंगात यायचंच. शाळेत इंग्रजी पाचवीपर्यंत पोचलो, पण अभ्यास केला तो फक्त मास्तरांच्या चालण्याबोलण्याचा.

सन तीसनंतरची गोष्ट. रत्नागिरीत मोटारी बोटांवर मोजाव्या एवढ्या, आणि बाविसाव्या वर्षी मी वकीलसाहेबांच्या मोटारीचा ड्रायव्हर. माझा भाव काय विचारता!

तर जुना पंप. टाकीतलं पेट्रोल ओढून इंजिनाला पाजायचं त्याचं काम. त्याच्या खाली काचेची वाटी असते, तिच्या काठाची बुचाची चकती चिरली होती आणि पेट्रोल झिरपत होतं. आमच्याकडे घरोघरी फणसाचा चीक काठीला गुंडाळून ठेवलेला असतो. बरणी तडकली, चीक. तांब्याला भोक पडलं, चीक. मीही तो चुलीवर पातळ केला आणि वाटीच्या काठाला फासला. झिरपणं बंद! दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, "पंप बसवलास?"

"बसवला, साहेब."

नवा पंप खोक्यासकट माझ्या सीटखाली होता. रविवारी बसवू, बघतंय कोण.

रविवारच्या आधीच चिपळूणची तारीख आली. साहेबांच्या एक अशील होत्या, सगळे त्यांना काकी म्हणत. नवरा गेल्यावर दिरानं चिपळूणच्या घरातून त्यांना बाहेर काढलं, म्हणून रत्नागिरीत भावाकडे राहत होत्या. घराच्या हिश्श्याचा दावा चालू होता. मुन्सफांनी मागच्या खेपेला बजावलं होतं, आता अकराच्या ठोक्याला हजर नसाल तर दावा काढून टाकीन. म्हणजे घर दिराचं.

साहेब, काकी आणि मी उजाडायच्या आत निघालो. संगमेश्वर मागे टाकलं आणि चढावर मोटारीनं दोन आचके दिले, फुरफुरली आणि गप्प.

"काय झालं रे?" साहेब म्हणाले.

"काही नाही, दम खातेय."

मी उतरलो, बॉनेट उघडलं. टाकीत काठी घालून बघितली, पेट्रोल भरपूर. इंजिनाकडची नळी सोडली आणि हँडल मारलं. नळीतून पिचकारी उडायला हवी, तर थेंब नाही. पंपाच्या वाटीत बघितलं. आत तपकिरी शेंबूड साचला होता. फणस कापताना चीक हाताला चिकटू नये म्हणून तेल लावतात, चिकटलाच तर रॉकेलनं काढतात, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि मी तो चीक पेट्रोलात बुडवून ठेवला होता! तो विरघळला आणि जाऊन बसला पंपाच्या झडपांत.

रोग कळला. औषध सीटखाली. पण खोकं बाहेर काढलं की साहेब विचारणार, हे काय? नोकरी तिथेच संपली असती.

म्हणून मी प्लग काढले. पुसले. पुन्हा लावले. नळी तोंडात धरून फुंकली, तोंडभर पेट्रोल आलं, थुंकलो. वायरी हलवल्या. साहेब रस्त्यावर दहा पावलं तिकडे, दहा पावलं इकडे, आणि दर फेरीला खिशातलं घड्याळ.

"नऊ वाजले."

"होतंय, साहेब."

"सव्वानऊ."

घाबरलो की माझं तोंड सुटतं. मी शिरस्तेदाराचा आवाज काढला, नाकातून, "अर्जदार मोटार हजर आहे का? मोटार आजारी आहे, हुजूर, पुढली तारीख द्यावी!"

साहेब हसले नाहीत. काकींनी कागदांचं गाठोडं छातीशी धरलं आणि त्या खाली उतरल्या.

"कुठे निघालात?" साहेब म्हणाले.

"चिपळुणास."

"अहो, बारा कोस आहे ते!"

"बसून काय बारा कोस कमी होणारेत? तुमचा हा नाटक्या करील तमाशा, तुम्ही बघा." आणि माझ्याकडे वळून, "मेल्या, तुझ्या आईला कुणी असं घरातून काढलं असतं तर सुचली असती का रे नक्कल?"

आणि त्या खरंच चालू लागल्या. अनवाणी. चढावर मान खाली घालून, भराभर. साहेब दोनदा हाका मारून थांबले. मी वळणापर्यंत बघत राहिलो. त्या दिसेनाशा झाल्या आणि मी सीट उचलली.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"पंप."

"मग तिथे लावलाय तो?"

"जुना."

साहेब ओरडतील म्हणून मी मान आत घातली होती. ते ओरडले नाहीत. घड्याळ खिशात ठेवलं, कोट काढून मागच्या सीटवर टाकला, आणि म्हणाले, "पाना कुठला देऊ?"

त्यापेक्षा मुस्काटात मारली असती तर बरं वाटलं असतं.

नळ्यांचे नट सोडले, दोन बोल्ट काढले, जुना पंप हातात आला. नवा लावला, बोल्ट आवळले, हँडल मारलं. वाटी कोरडीच. पंपाची दांडी इंजिनात ज्या चाकावर टेकायची त्याच्या भलत्याच बाजूला गेली होती. घाई! पुन्हा सगळं सोडलं. साहेबांनी हँडल हळूच फिरवून चाकाचा उंचवटा पलीकडे नेला, मी दांडी बोटानं चाचपत बसवली. पुन्हा हँडल. वाटीत पेट्रोल चढलं, पिवळं, स्वच्छ.

काकी दोन कोस पुढे सापडल्या. गाठोडं मांडीवर घेऊन गाडीत बसल्या. मी मोटार अशी हाणली की वळणावर साहेब दोन्ही हातांनी दार धरून होते.

पोचलो तेव्हा साडेबारा. दावा काढून टाकला होता. दीर पायरीवर पान खात उभा होता.

साहेबांनी मला कचेरीबाहेर बाजूला घेतलं. "दावा पुन्हा उघडायचा अर्ज टाकतोय. पलीकडचा म्हणणार, मोटार बंद पडली ही थाप आहे. खरं कारण तुला शपथेवर सांगावं लागेल."

"काय सांगू?"

"काय झालं ते. चुलीवर पातळ केलास तिथपासून."

महिन्याभरानं मी कोर्टात साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिलो. जुना पंप टेबलावर. दिराच्या वकिलानं विचारलं, नवा पंप मोटारीत असताना तासभर काय करत होता? मी म्हटलं, "प्लग पुसत होतो. पुसायची गरज नव्हती. खोटं उघडं पडेल म्हणून पुसत होतो." अख्खी कोर्टाची खोली हसली. एवढी माणसं हसायला माझ्यासमोर कधी मिळाली नव्हती, आणि मला खाली बघवत नव्हतं आणि वरही. शिरस्तेदार तर, ज्याची मी नक्कल करायचो तोच, रुमाल तोंडाला लावून बसला होता. मुन्सफ हसले नाहीत. ड्रायव्हरच्या चुकीची शिक्षा बाईंना नको म्हणाले, आणि दावा पुन्हा उघडला.

साहेबांनी मला काढलं नाही. का, ते मी विचारलं नाही.

बाहेर आल्यावर मी मोटारीचं दार उघडून उभा राहिलो. "बसा, काकी. रत्नागिरीस पोचवतो."

काकींनी मोटारीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, गाठोडं काखेत मारलं.

"खरं बोललास, बरं केलंस हो," त्या म्हणाल्या. "पण मी सर्व्हिसच्या मोटारीनं जाईन."

आणि त्या बाजारातल्या उतारूंच्या मोटारीच्या थांब्याकडे निघाल्या.