मास्तरांची उभी गीता

भगवद्गीता बसून ऐकणं हा गुन्हा आहे असं मानणारा माणूस साऱ्या पृथ्वीवर एकच होऊन गेला, आणि तो नेमका मालाडला आमच्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर राहत होता. मुलांनो, तुमचे बाबा तेव्हा नुकते रांगायला लागले होते. हे गृहस्थ शाळेतून निवृत्त झालेले कवायतमास्तर. खाकी अर्धी चड्डी, पांढरा सदरा, काखेत गीता आणि गळ्यात शिट्टी. शाळेनं त्यांना निरोप दिला होता, पण शिट्टी त्यांनी परत केली नव्हती. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "अर्जुन खाली बसला म्हणून देवाला एवढं बोलावं लागलं. अठरा अध्याय गेले ते एका माणसाला उभं करायला. आणि तुम्ही लोक तेच मांडी घालून ऐकता? वर डुलक्या घेता?" मी इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली, पण ते हे बोलू लागले की मीही उठून उभी राही. त्याचं त्यांना फार समाधान वाटे.

शनिवारी संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात त्यांचा वर्ग भरे. आधी सतरंज्या गुंडाळल्या जात. स्थितप्रज्ञाची लक्षणं ते सांगत नसत, करून घेत. हातात काठोकाठ भरलेलं फुलपात्र देऊन एका पायावर उभं करायचं आणि मागून जाऊन एकदम थाळी बडवायची. पाणी सांडलं की "दुसरा अध्याय कच्चा!" असं म्हणून पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. फळाची आशा धरू नये हे अंगी बाणावं म्हणून प्रसादाची केळी ते वर्गाला न आलेल्यांच्या घरी वाटून येत. आमच्याकडे पुष्कळ केळी यायची. शेजारच्या काकू मात्र नेमानं जात आणि लंगडत परत येत. "अगं, पुण्य साठतंय की पोटऱ्या भरून येतायत तेच कळत नाही मेलं," असं म्हणत त्या आमच्याच पायरीवर बसत, पण आधी वरच्या खिडकीत मास्तर नाहीत ना ते बघून.

मी या सगळ्याला हसत असे, सासूबाई पडेपर्यंत. तुमच्या पणजी मोरीत घसरल्या आणि पायाचं हाड मोडलं. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण त्या उठेनात. डॉक्टरांनी मला दाराशी नेऊन हळूच सांगितलं, "आता चालल्या नाहीत, तर कायमच्या अंथरुणाला खिळतील." मी आणि तुमच्या आजोबांनी दोन्हीकडून धरलं, की त्या दोन्ही पाय पोटाशी घेत. "पुन्हा पडले तर? तुम्ही काय, हात सोडून मोकळे व्हाल," म्हणत. एकटीनं सगळं घर चालवलेली ती बाई दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागली. त्या उठल्या नाहीत तर काय होईल, याची मला धास्ती होती. उठल्या आणि पडल्या तर काय, याची त्याहून मोठी.

त्यातच मास्तर खाली आले. "सूनबाई, उद्यापासून माईंना गीता."

मला ती थाळी आठवली. तुमच्या आजोबांना सांगितलं, तर ते ऑफिसला निघताना जोडे घालता घालता म्हणाले, "येऊ दे ना त्यांना. तू फक्त थाळ्या लपव." मी खरोखरच सगळ्या थाळ्या फडताळात घालून कुलूप लावलं. पलंगाशेजारी जमिनीवर गादी पसरली. शिट्टी दाराबाहेर ठेवायची, अशी अट घातली. मास्तरांनी ती आमच्या छत्रीच्या खिळ्याला अडकवली.

पण त्यांनी सासूबाईंना उठा म्हणून म्हटलंच नाही. ते फक्त पलंगापाशी उभे राहिले आणि वाचू लागले. रोज दुपारी, ताठ, खणखणीत आवाजात, अर्थ सांगत. खुर्ची दिली तर घेत नसत. मी स्वयंपाकघरात हातातलं काम तसंच टाकून कान लावून बसे. आता ओरडतील, मग ओरडतील.

झोपलेल्या माणसाला उभ्या माणसाचे पाय आधी दिसतात. काही दिवसांनी सासूबाई भिंतीकडून इकडे वळल्या, तेव्हा त्यांची नजर त्या पायांवरच गेली. मास्तरांचे घोटे सुजले होते, वहाणेच्या पट्ट्याचे वळ उठले होते.

"मास्तर, बसा की."

"श्रोता उभा राहिल्याशिवाय वक्त्यानं बसायचं नाही, असा नियम आहे, माई."

"कुणी केला?"

"मीच."

"मग मोडा!"

"सूनबाईंनी शिट्टी बाहेर ठेवायला लावली. नियम तेवढा राहिलाय माझ्याकडे."

अकरावा अध्याय चालू होता त्या दिवशी मी चुलीवर दूध ठेवलं होतं. विश्वरूपाचं वर्णन रंगात आलं होतं आणि मध्येच आवाज बंद झाला. मग खुर्ची फरफटल्याचा आवाज. मी धावले. मास्तर पांढरेफटक पडून झुलत होते. आणि सासूबाई! एका हातानं पलंगाचा खांब धरलेला, दुसऱ्या हातानं खुर्ची पुढे ढकलत त्या ओरडत होत्या, "बसतोस की नाही, मेल्या! पडलास तर उचलायला कोण, मी येऊ?"

मास्तर बसले. आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी हुकमावरून ते बसले असतील. आधी कुणाला धरू तेच मला कळेना. सासूबाईंनी खाली आपल्या पायांकडे पाहिलं, आणि खांबावरची मूठ आणखी आवळली. मास्तर अगदी बारीक आवाजात म्हणाले, "माई, पाठ सरळ. आता... विश्राम."

"विश्राम तू कर," सासूबाई म्हणाल्या, पण पाठ सरळ केली. आत दूध उतू गेलं ते गेलंच.

उरलेले अध्याय मास्तरांनी खुर्चीत बसून वाचले आणि सासूबाईंनी त्याच खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून, रोज थोडं अधिक, उभ्यानं ऐकले. देवळात मास्तर छाती काढून सांगत, "माईंना उभं केलं!" खुर्चीची गोष्ट तेवढी गाळत. पुढे मुलीनं त्यांना आपल्याकडे नागपूरला नेलं. निघताना ते पाया पडायला आले. सासूबाई त्यांना सोडायला फाटकापर्यंत चालत गेल्या, आणि टांगा वळेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.

तुम्ही फोनवर विचारता, "आजी, रोज चालतेस ना?" आणि मी हो म्हणते. गुडघे मात्र नाही म्हणतात. सकाळी मी गीता घेऊन त्याच खुर्चीत बसते. पहिल्या अध्यायाच्या शेवटी अर्जुन धनुष्य टाकून खाली बसतो. तिथं आलं की मला बसवत नाही. खुर्चीचे हात धरून उठते, मागे जाऊन तिच्या पाठीवर हात ठेवते आणि थोडा वेळ उभी राहते. पुढचा अध्याय कुणी वाचायला घेत नाही. तरी पाठ सरळ करते.