महापौरबाईंचा नवरा

आमच्या शहराचं महापौरपद बाईसाठी सुटलं आणि माझी बायको महापौर झाली. आमच्याकडं बाई निवडून आली की कारभार नवराच बघतो. म्हणून पहिल्याच दिवशी मी सेलूहून आणलेला नवा सदरा घालून तिच्या खुर्चीत जाऊन बसलो.

ती आली. सगळ्या साहेबांपुढं म्हणली, "अहो, उठा. आज नळ आलेत, घरी जाऊन पाणी भरा. रोज का येत न्हाईत, ते मी बघते."

लय राग आला. पण भरलं. पुढं ती खुर्चीत होती तवर मीच भरलं.

आता ती न्हाई. एकट्याला एक हंडा पुरतो, तरी सगळे भरून ठेवतो. एखादा रिकामा दिसला, तर ती वरूनबी मला उठवायची.