बांधावरचा वड

कडेगावजवळच्या शाळेत मी चौथीला शिकवत होते तेव्हाची गोष्ट. शाळेला लागून पूर्वेला एका बागायतदाराचा ऊस होता. तेच आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष. कुंपणाकडेला शाळेतल्या पोरांनी करंज, चिंच, कडुलिंब लावले, तेव्हा पहिल्या रोपाला माती सारताना त्यांनी फोटोही काढून घेतला होता.

ती रोपं पोरांनी पोटच्यासारखी वाढवली. डब्यासोबतच्या बाटलीतलं उरलेलं पाणी रोज आपापल्या झाडाला. दोन उन्हाळे निघाले, झाडं पोरांच्या डोक्यावर गेली. मग अध्यक्ष कुरकुरायला लागले, "बाई, सावलीनं माझा ऊस खुरटतोय." मी म्हटलं, थोड्या फांद्या छाटू.

उसाची तोड झाल्यावर त्यांनी रानातलं वाळलेलं पाचट पेटवलं. रविवार गाठून, वारा शाळेकडे असताना. सोमवारी पोरं आली तर कुंपणाकडेला नुसती काळी खुंटं. एक मुलगी आपल्या चिंचेला हात लावून बघत होती, तळवा काळा झाला तरी हात काढेना.

मी तशीच अध्यक्षांच्या दारात गेले. ते चहा पीत होते.

"आग हाय बाई, तिला काय सांगायचं? आन् झाडंच हायती की. लावा पुन्यांदा," म्हणाले आणि हसले.

त्या हसण्यावर मी घरी जाऊन जेवले नाही. तक्रार करून काही होणार नव्हतं, हे मला ठाऊक होतं. पण पुन्हा लावा म्हणाले ना? लावणारच होते.

त्या आठवड्यात मी सावलीचा धडा घेतला. मैदानात काठी रोवली, पोरांनी दिवसभर तिच्या सावलीच्या टोकाला चुन्याच्या खुणा केल्या. दुपारनंतर सावली पूर्वेला लांबत गेली. मी विचारलं, "कुंपणापाशी मोठ्ठं झाड असलं तर संध्याकाळी सावली कुठं पडंल?"

पोरांनी माना वळवून उसाकडे पाहिलं. ती चिंचवाली मुलगी म्हणाली, "बाई, मग लय मोठं झाडच लावूया."

आम्ही कुंपणालगत, अगदी बांधावर वड लावला. पोरांनी मनगटाएवढी जाड फांदी आणली, वरच्या कापाला शेण लिंपलं, खोल खड्ड्यात उभी केली आणि भोवती दगड रचले. पहिली लाल पालवी फुटली तेव्हा पोरं नाचली. मी कुंपणापलीकडे बघत उभी होते. इतका आनंद मला स्वतःच्या बढतीचाही झाला नव्हता.

गावचा जुना वड रस्ता रुंद करताना गेला होता. वटपौर्णिमेला बायका बाजारातली फांदी आणून कुंडीत खोचायच्या. काही वर्षांनी आमचा वड जरा डेरेदार झाल्यावर मी घरोघरी जाऊन सांगितलं, पूजेला शाळेत या. अध्यक्षांच्या घरी सगळ्यात आधी गेले. त्यांच्या मालकिणीनं हौसेनं सूत गुंडाळलं.

पुढं सावली उसात उतरली तशी अध्यक्षांनी पालकसभेत विषय काढला. मुळं पाटात शिरत्यात, वड तोडायला पायजे. मी सभेची वही लिहीत राहिले. मागून त्यांच्या मालकीणच उठल्या.

"आवं, त्या झाडाला सूत बांधून तुमचंच आयुष्य मागतो मी. त्येच्यावर कुऱ्हाड घालणार व्हय?"

सभेतल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. अध्यक्षांनी टोपी काढली, परत घातली आणि पाणी मागितलं.

आता माझी बदली कुपवाडला झाली आहे. मागच्या महिन्यात मुद्दाम वाट वाकडी करून गेले. बांधालगतच्या सऱ्यांमधला ऊस पिवळा, गुडघाभर. अध्यक्ष तिथंच उभे होते. ओळखलं त्यांनी.

"बाई, लय डोक्यानं केलंसा."

"व्हय," मी म्हटलं. "आणि वड अजून लहान आहे."

ते उसाकडे वळले. मला त्यांची दया येईल असं वाटलं होतं. नाही आली.