किसनचा लांब सूर

बँडवाल्यांजवळ किस्से फार साचतात. वाजवताना तोंडात वाद्य असते, बोलता येत नाही. सगळे बोलणे मग परतीच्या गाडीत निघते. आता ती गाडीच येत नाही, म्हणून इथे सांगून राहिलो.

लाखनीच्या आमच्या बँडात मी ढोल वाजवायचो, यादव ट्रम्पेट, अन् किसन क्लारनेट. किसनला सारे मास्तर म्हणत. नवरदेव मांडवाशी पोचला की किसन एक लांब सूर धरायचा. गाल फुगलेले, डोळे मिटलेले. त्याचा श्वास तुटला की माझी काडी ढोलावर पडायची. तोवर सगळे थांबून, घोडीसुद्धा.

*

किसन गाणे कानाने उचलतो. पहिले चहाच्या टपरीवर रेडिओजवळ बसायचा. पुढे वरातीच्या दिवशीच कोणी त्याच्या कानाला मोबाइल लावू लागले. "मास्तर, हे कालच आलं. आज हेच पायजे."

एकदा त्याने मन लावून ऐकले अन् वरातीत जसेच्या तसे वाजवले. नवरदेवाचा मामा जवळ आला. "मास्तर, मधातच साबणाची जाहिरात काहून वाजवली?"

"मोबाइलात होती जी. मी माह्या मनानं काही नाही टाकलं."

"राहू द्या. पोट्टे तिच्यावरच जास्त नाचले."

आम्ही गाडीत पोट धरून हसलो. किसन हसला नाही. "गाणं कोणतं अन् जाहिरात कोणती, मलेच समजून नाही राहिलं," म्हणे.

*

पवनीच्या वरातीत यादवने ट्रम्पेट खाली घेतला अन् माझ्या कानाशी आला. "दादा, हे सारे हात वर करून काहून उभे हायेत? पोलीस आले काय?"

सगळ्यांच्या हातात मोबाइल. शूटिंग चालू.

"अन् नाचतील केव्हा?"

"घरी जाऊन पाहतील," मी म्हटले.

*

मग बँडमालकाच्या पोराने, मंगेशने कीबोर्ड आणला. त्याला आम्ही कडेवर खेळवले आहे. पोरगा वाईट नाही. पेटी उघडून म्हणाला, "काका, यात अख्खा बँड हाये. तुमचा ढोलही हाये."

यादवने विचारले, "अन् जेवायले किती जण बसतात?"

"मी एकटाच."

यादवचे सगळे विनोद आम्ही हसून घेतो. या वेळी कोणी हसले नाही. लग्नघरचे लोक बँडाला सुपारी देताना पहिले जेवणाची पानेच मोजतात, हे सगळ्यांना ठाऊक.

*

एक दिवस मंगेशने किसनला खोलीत बसवले. खिडक्या बंद, पंखा बंद, समोर माइक. "काका, एकेक सूर वाजवा अन् थांबा."

"गाणं कोणतं?"

"गाणं नाही. नुसते सूर."

किसन घामाने ओला होऊन बाहेर आला. मी विचारले, काय केले रे?

"धान विकाले नेला की व्यापारी मूठभर पाहते ना? तसा दाखवून आलो."

"मंग पोतं केव्हा बोलावते?"

"बोलावन ना," म्हणाला. मंगेशवर त्याचा भरवसा.

*

तुळशीचे लग्न झाले, लग्नसराई लागली. मला अन् यादवला बोलावण्याची आस नव्हतीच. किसन मात्र रोज क्लारनेट पुसून, मोबाइल समोर ठेवून ओसरीत बसायचा. मी गेलो की म्हणे, "मले एक मिस कॉल दे."

मी द्यायचो. मोबाइल वाजायचा.

"चालू तं हाये," म्हणायचा अन् परत खाली ठेवायचा.

*

परवा यादवच्या पुतणीचे लग्न होते, लाखांदूरला. किसन अन् मी एसटीने गेलो, पाहुणे म्हणून. पहिल्यांदाच इस्त्रीच्या कपड्यात, रिकाम्या हाताने. किसनला हात ठेवायला काही जागा सापडेना.

वरात आली. पुढे गाडी, तिच्यावर मोठमोठे बॉक्स अन् मंगेशचा कीबोर्ड. आमच्याकडे याला धुमाल म्हणतात. नवरदेव मांडवाशी पोचला. मंगेशने एका पट्टीवर बोट ठेवले.

क्लारनेटचा लांब सूर निघाला.

मी ओळखला. त्या सुराला सुरुवातीला किंचित फुंक लागते, ती आमच्या किसनचीच. यादव मांडवातून बाहेर धावत आला, किसनकडे पाहून जागीच थांबला.

मंगेशने बोट उचललेच नाही. तो दुसऱ्या हाताने पाहुण्यांना नमस्कार करत होता. सूर चालूच.

माझा उजवा हात आपोआप वर गेला होता. मी बाजूला पाहिले. किसनचे गाल फुगलेले, डोळे मिटलेले. मानेची शीर उभी, चेहरा लाल.

"किसन, श्वास घे," मी म्हटले.

त्याने मान हलवली, अन् बोटाने गाडीकडे दाखवले.

सूर अजून संपला नव्हता.